जिप्समच्या पार्टिशनला सात फुटी पुस्तकांचं कपाट पक्कं कसं करायचं? (सांगली)

पुस्तकवेडी_सांगली

विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. हॉल आणि मुलाची खोली यांच्यामधली भिंत विटेची नाही, जिप्समचं पार्टिशन आहे. टिचकी मारली की पोकळ वाजतं. त्या भिंतीला पुस्तकांचं कपाट उभं करायचंय. उंची ७ फूट, रुंदी ३ फूट, खोली १२ इंच, सहा खण. सांगाडा १८ एमएम प्लायचा, पाठ ६ एमएमची. कपाट जमिनीवरच उभं राहणार, लटकवायचं नाही. घरात साडेतीन वर्षांचा मुलगा आहे आणि त्याला दिसेल त्यावर चढायची सवय आहे.

एक सुतार म्हणतो, चार गिट्ट्या (स्क्रूसाठी भोकात ठोकायच्या खुंट्या) ठोकून एल पट्टी मारू, काही होत नाही. दुसरा म्हणतो, जिप्सम काही धरत नाही, एवढं वजन भिंतीला बांधलं तर भिंतच घेऊन खाली येईल. कुणाचं ऐकायचं? सामान काय, किती, आणि कुठं मारायचं हे नीट कुणी सांगेल का?

ओळंबा

ताई, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. गिट्टी जिप्समला धरत नाही हे खरं. पण कपाटाचं वजन भिंतीवर येतं हे खोटं.

हिशोब बघा. पुस्तकांचं वजन रांगेच्या फुटाला साधारण ८-९ किलो. सहा खण, तीन फुटी, म्हणजे १८ फूट रांग, १५० किलोच्या आसपास. कपाट स्वतः ५० किलो धरा. हे दोनशे किलो सगळे जमिनीवर जातात. भिंतीचं काम एकच, कपाट पुढं कलंडू न देणं. त्याला लागणारा जोर तुम्हाला वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी आहे.

रिकामं कपाट घ्या. वजन ५० किलो, त्याचा मध्य पुढच्या कडेपासून ६ इंच आत. त्याला उभं धरून ठेवणारी ताकद ५० गुणिले ६, म्हणजे ३००. कुणी पाच फुटांवर, म्हणजे ६० इंचांवर, कपाटाला धरून ओढलं तर ३०० भागिले ६०, फक्त ५ किलोच्या ओढीनं ते पुढं यायला लागतं. पुस्तकं भरल्यावर हाच आकडा २० किलो होतो. म्हणून सगळ्यात धोक्याची वेळ कपाट लावल्यापासून पुस्तकं भरेपर्यंतची, किंवा वरचे खण भरलेत आणि खालचे रिकामे आहेत अशी. जड पुस्तकं, कोश, बांधीव अंक तळाच्या दोन खणांत ठेवा.

आता बांधणी कुठं करायची ते. रिकाम्या कपाटाला पाच फुटांवर १५ किलोची ओढ बसली असं धरू. ९०० वजा ३००, उरले ६००. पट्टी ८० इंचांवर, म्हणजे माथ्याजवळ असेल तर तिच्यावर येतात साडेसात किलो. तीच पट्टी एक फुटावर मारली तर पन्नास किलो. त्यामुळं सुतार वाकायला नको म्हणून मधल्या खणात पट्टी मारू म्हणाला तर ऐकू नका. माथ्यावरच.

आणि पाठीच्या ६ एमएम प्लायला काहीही बांधू नका, ती खिळ्यांसकट निघून येते. माथ्याची १८ एमएम फळी किंवा बाजूचा उभा पाखा, यातच स्क्रू.

चिवट_गिट्टी

एवढा हिशोब कशाला? बटरफ्लाय टॉगल (मागं पंख उघडणारे बोल्ट) आणा, चार भोकं पाडा, पट्टी मारा. पंख मागं उघडले की बोर्ड फुटल्याशिवाय बाहेर येत नाही. साडेसात किलोच लागतात म्हणताय ना मग.

जिप्समवाला_मिरज

दादा, साडेसात किलो हे शांतपणे ओढलं तर. पोरगं खणाच्या कडेवर उभं राहून झोके घ्यायला लागलं की झटके बसतात. एकट्या बोर्डात झटक्यानं टॉगलभोवतीचा जिप्सम भुसभुशीत होत जातो, भोक अंडाकृती होतं आणि एक दिवस पट्टी हलायला लागते. टॉगल वाईट नाही, पण तो बोर्डाच्या मागं पत्र्याचा स्टड, म्हणजे आतला उभा खांब, असलेल्या जागी मारला तर. नुसत्या बोर्डात तो दुसऱ्या पसंतीचा.

ताईंसाठी सविस्तर लिहितो.

आपल्याकडचं पार्टिशन म्हणजे खाली-वर जमिनीला आणि स्लॅबला पत्र्याचं चॅनेल, त्यात उभे स्टड, दोन्ही बाजूंनी साडेबारा एमएमचा, म्हणजे चार सुती बोर्ड. स्टड बहुतेक दोन फुटांवर असतात, चांगलं काम असेल तर सोळा इंचांवर. पत्रा अर्ध्या एमएमच्या आसपासचा, समोरची पट्टी साधारण ३४ एमएम रुंद. काही ठिकाणी बोर्डाचे दोन थर असतात, ते आधी स्विचबोर्डचा डबा उघडून कडेनं बघून घ्या. मेन स्विच बंद करून.

स्टड शोधायला महागडं यंत्र लागत नाही. खराब हार्ड डिस्कमधला किंवा दुकानात मिळणारा छोटा जोरकस लोहचुंबक दोऱ्याला बांधा आणि भिंतीला टेकवत आडवा फिरवा. बोर्ड ज्या स्क्रूंनी मारलाय त्यांची डोकी पुट्टीखाली असतात, तिथं तो चिकटतो. एक सापडला की तिथून वर-खाली फिरवा. फूटभराच्या आत पुढचा सापडला आणि तो त्याच उभ्या रेषेत असला तर तो स्टड. पेन्सिलनं रेषा मारा, मग दोन फुटांवर पुढचा बघा.

खात्री करायला २ एमएम बिटनं बारीक भोक पाडा. ड्रिलचा हॅमर बंद. आधी पांढरी पावडर पडेल, मग बिट अडेल, जोर दिल्यावर टप्कन आत जाईल आणि बिटाला चमकदार पत्र्याचा केसाएवढा कीस लागलेला दिसेल. तो दिसला तरच स्टड. पांढरीच पावडर आली आणि बिट सरळ आत गेलं तर तुम्ही पोकळीत आहात, पुट्टी लावून विसरा. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली वीतभर पट्ट्यात काहीही पाडू नका, वायरचा पाइप तिथूनच गेलेला असतो.

आता अडचण अशी की कपाट तीन फुटी आणि स्टड दोन फुटांवर. कपाटाच्या मागं एक स्टड नक्की येणार, दुसरा येईलच असं नाही. म्हणून कपाट थेट भिंतीला न बांधता आधी भिंतीवर आडवी प्लायपट्टी मारायची. १८ एमएम प्लाय, चार इंच रुंद, साडेचार फूट लांब. एवढ्या लांबीत किमान दोन स्टड सापडतातच. कपाटाच्या बाहेर जे टोक येईल त्याला भिंतीचा रंग द्या, नजरेत भरत नाही.

सामान:
प्लायपट्टी १.
पत्र्याचे स्क्रू, पॅन हेड, ८ नंबर, २ इंची, झिंकवाले, ८ नग. बोर्ड दुहेरी असेल तर अडीच इंची.
जाड लोखंडी एल पट्टी २, प्रत्येक बाजू किमान दीड-दोन इंच, पत्रा अडीच-तीन एमएम.
प्लायसाठी ८ नंबरचे १६ एमएम स्क्रू, ८ नग.
वायसर मूठभर.

काळे ड्रायवॉल स्क्रू या कामाला वापरू नका. ते कडक पण ठिसूळ असतात, बोर्ड धरायला बनवलेत. आडवा झटका बसला की डोकं तुटून हातात येतं. टोकाला ड्रिल असलेले सेल्फ ड्रिलिंग स्क्रूही इथं नकोत. अर्धा एमएम पत्र्यात त्यांचं टोक भोक मोठं करतं आणि आट्यांना धरायला पत्राच उरत नाही. टोकदार स्क्रू पत्रा आत दुमडत जातो, म्हणून घट्ट बसतो.

प्रत्येक स्टडवर प्लायमधून दोन स्क्रू, वर-खाली अडीच इंचांवर. प्लायला आधी साडेचार एमएमचं भोक पाडून घ्या म्हणजे स्क्रू प्लायमध्ये न अडकता पट्टी भिंतीला आवळली जाते. मशीनचा क्लच कमीवर ठेवा, शेवटचे दोन-तीन फेरे हातानं. सगळ्यांचं काम इथंच बिघडतं. पत्र्याला जेमतेम एक-दोन आटे धरलेले असतात, अर्धा फेरा जास्त दिला की आटे गेले, स्क्रू नुसता फिरत राहतो. फिरला की ती जागा मेली. दीड इंच वर किंवा खाली, प्लायच्या आतच, सरकून नवीन भोक घ्या, त्याच भोकात जाडा स्क्रू कोंबू नका.

टॉगल वापरायचाच असेल तर ह्याच स्टडच्या पट्टीत वापरा. बोर्ड आणि पत्रा दोन्हींतून मिटलेले पंख आत जातील एवढं भोक, आणि पंख उभे उघडतील असे धरायचे, कारण आडवी जागा ३४ एमएमच आहे. स्प्रिंगचा टॉगल असेल तर आधी पट्टी बोल्टमध्ये ओवून मगच पंख आत ढकला. नंतर बोल्ट काढला की पंख भिंतीत पडतात, परत मिळत नाहीत.

ओळंबा

मिरजकरांशी सहमत. एक भर. टॉगलच्या पुड्यावर छापलेला वजनाचा आकडा बहुतेक वेळा तुटण्याचा असतो, तोही नव्या कोरड्या बोर्डातला. त्याचा चौथा भागच धरा.

कृष्णाकाठ

ताईंचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे म्हणून त्यांना लागू नाही, पण हा धागा वाचणारे सांगलीतले इतरही असतील. २०१९ किंवा २०२१च्या पुरात ज्या तळमजल्यावर पाणी उभं राहिलं, तिथल्या जुन्या जिप्सम पार्टिशनला काहीही बांधू नका. बोर्ड वाळला तरी आतला कागद सुटलेला असतो, नख दाबलं तर खूण उमटते. त्याहून वाईट म्हणजे खालचं चॅनेल आणि स्टडचं बूड गंजलेलं असतं. वरून ठणठणीत दिसणारा स्टड खाली जमिनीपासून सुटलेला असू शकतो. तळाला सहा इंचांचा बोर्ड कापून बघा, मगच ठरवा. हिरवा बोर्ड बाथरूमच्या ओलीसाठी असतो, पुराच्या पाण्यासाठी नाही.

पुस्तकवेडी_सांगली

खूप उपयोग झाला. लोहचुंबकानं दोन स्टड सापडले, अंतर बरोबर २४ इंच, एक कपाटाच्या डाव्या कडेपासून पाच इंच आत आणि दुसरा उजव्या कडेपासून सात इंच आत. म्हणजे दोन्ही कपाटाच्या मागंच आले. मग प्लायपट्टी लागेल का?

दुसरं, कपाटाच्या मागं स्कर्टिंग आहे, त्यामुळं कपाट भिंतीपासून अर्धा इंच लांब उभं राहतंय. एल पट्टी ओढून घेतली तर चालेल का?

आणि तिसरं. सासरी साताऱ्यात जुनं घर आहे, काळ्या दगडाची, मातीत बांधलेली भिंत, वर चुन्याचा गिलावा. तिथं साडेसहा फुटी लोखंडी कपाट आहे. तेही बांधून घ्यावं का?

जिप्समवाला_मिरज

पहिल्याचं उत्तर: न लावता जमेल, पण लावा. एल पट्टी थेट स्टडला मारली तर एका स्टडमध्ये दोनच स्क्रू, तेही पट्टीच्या ठरलेल्या भोकांच्या अंतरावर. प्लायपट्टी असली की स्टडमध्ये स्क्रू हव्या त्या जागी मारता येतात आणि कपाटाची पट्टी प्लायमध्ये कुठंही बसते. कपाट पुढंमागं दोन इंच सरकवायची वेळ आली तरी भिंतीला नवीन भोक नको. फक्त आता लांबी पावणेतीन फूट पुरे, दोन्ही स्टडच्या बाहेर किमान एक इंच प्लाय उरली म्हणजे झालं. कपाटामागं पूर्ण झाकली जाईल.

दुसरं: ओढून घ्यायचं नाही. स्कर्टिंग अर्धा इंच आणि प्लाय १८ एमएम, म्हणजे प्लायच स्कर्टिंगपेक्षा पुढं येते. कपाट माथ्याला प्लायला टेकवलं तर तळाला स्कर्टिंगपासून पाच-सहा एमएम जागा राहील, ती राहू द्या. कपाट ओळंब्यात उभं करा, पुढच्या पायांखाली पाचर देऊन हवं तर केसभर मागं झुकवा, मग एल पट्टी मारा. पट्टीनं जबरदस्ती ओढलं तर स्क्रूवर कायमचा ताण राहतो, आणि पाखे वाकून दारं असतील तर ती लागत नाहीत.

सातारी_गवंडी

साताऱ्याचं मी सांगतो. बांधून घ्या, प्रश्नच नाही. ११ डिसेंबर १९६७ला कोयनेचा भूकंप आपल्याच जिल्ह्यात झाला आणि त्या बाजूला लहान धक्के अजूनही बसतात. भरलेलं कपाट समजा १५० किलोचं, खोली दीड फूट. धक्का वजनाच्या तीन दशांश धरला तर आडवा जोर ४५ किलो, तो कपाटाच्या मध्यावर, ३९ इंचांवर. १७५५ झाले. कपाटाला उभं धरणारे १५० गुणिले ९, म्हणजे १३५०. फरक थोडाच, माथ्यावर पाच-सहा किलोनं निभावतं. पण धक्का मागंपुढं हलवत असतो आणि दार उघडं असेल तर हिशोब आणखी बिघडतो.

आता भिंत. मातीत बांधलेल्या दगडी भिंतीला अँकर फास्टनर चालत नाही. फास्टनर फुगून धरतो. सांध्यात मारला तर माती दाबली जाऊन सगळं सैल, आणि दगडाच्या कडेला मारला तर लहान चिपा दगड सांध्यातून निखळतो. घरातली साधी हॅमर ड्रिल काळ्या दगडात दहा मिनिटं घरघर करते, बिट निळं पडतं आणि भोक नखभर. त्याला एसडीएस (खाचेत अडकणाऱ्या) बिटाची रोटरी हॅमर लागते, ती भाड्यानं आणा.

पहिला पर्याय भिंतीला हातच लावू नका. कपाटाच्या डोक्यावर किंवा बाजूला लाकडी तुळई, खांब किंवा दाराची जाड चौकट सापडते का बघा. लाकूड किडलेलं नाही ना, टोच्या मारून पाहा. टोच्या सहज आत गेला तर तो खांब सोडून द्या. चांगलं असेल तर १० एमएम जाडीचा, तीन इंची लाकडात जाणारा षटकोनी डोक्याचा स्क्रू, आधी ६-७ एमएमचं भोक पाडून, आणि त्याला जाड पत्र्याची पट्टी.

लाकूड नसेल तर मोठ्या दगडाच्या मधोमध, कडेपासून किमान चार इंच आत, १२ एमएमचं भोक चार इंच खोल. दगड मोठा आहे हे हातोडीच्या आवाजावरून कळतं, सलग ठणठण वाजतो. गिलाव्याची जाडी या चार इंचांत धरायची नाही, जुन्या घरात गिलावाच दीड-दोन इंच निघतो. भोकातला चुरा ब्रशनं आणि फुंकणीनं दोन-तीनदा साफ करा, मग केमिकल अँकरची पेस्ट तळापासून भरत या आणि १० एमएमचा आटेवाला रॉड फिरवत घाला. पुड्यावर लिहिलेला वेळ होईपर्यंत हात लावायचा नाही. चुरा राहिला तर पेस्ट दगडाला न चिकटता चुऱ्याला चिकटते आणि रॉड सगळ्या पेस्टीसकट बाहेर येतो.

लोखंडी कपाटाचा पत्रा पातळ असतो, त्यात स्क्रू मारून भागत नाही. माथ्याजवळ मागून ८ एमएमचं भोक, आतून मोठा वायसर, नट-बोल्ट. आणि कपाटाचे पाय फरशीवर डुगडुगत असतील तर आधी ते सरळ करा, नाहीतर दर वेळी दार उघडलं की बोल्टला झटका.

चिवट_गिट्टी

गिट्टीला इतकी नावं ठेवताय, पण विटेच्या भिंतीला चालते की नाही?

ओळंबा

चालते, तिच्यासाठीच बनलीय. फक्त गिलावा सोडून विटेत दीड-दोन इंच गेली पाहिजे, आणि भोक विटेच्या मधोमध, दरजेत नाही. लाल चुरा आला तर वीट, करडी वाळू आली तर दरज. चार इंची भिंत असेल तर हॅमर हलकाच, पलीकडचा गिलावा फुगून पडतो.

सिपोरेक्स, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंट ब्लॉकची भिंत असेल तर मात्र हॅमर पूर्ण बंद, साध्या फिरकीनं भोक, आणि ब्लॉकसाठीची खास लांब नायलॉन गिट्टी. फुगणारा लोखंडी फास्टनर ब्लॉक फोडतो.

जिप्समवाला_मिरज

ताई, मुलाच्या खोलीत खणांचं ड्रॉवरवालं कपाट असेल तर पुस्तकांच्या आधी ते बांधा. तीन-चार ड्रॉवर एकदम ओढले की वजनच पुढच्या कडेच्या बाहेर येतं, आणि पोरं त्याच पायऱ्या करून चढतात. अमेरिकेत १ सप्टेंबर २०२३ पासून बनणाऱ्या, २७ इंच किंवा जास्त उंच आणि ३० पौंड किंवा जास्त वजनाच्या कपड्यांच्या कपाटांना कलंडण्याची चाचणी सक्तीची केलीय, ती ६० पौंडांचं मूल धरून. आपल्याकडं सुताराकडून बनवलेल्या कपाटाची चाचणी कोण घेणार? आपणच.

पुस्तकवेडी_सांगली

ड्रॉवरवालं आहे, साडेतीन फुटी, त्याच भिंतीला. त्यालाही प्लायपट्टीच का? आणि बांधून झाल्यावर पक्कं झालं हे कसं बघायचं?

जिप्समवाला_मिरज

हो, तसंच, त्याच्या माथ्याच्या उंचीला. कपाट अरुंद असेल आणि मागं एकच स्टड येत असेल तर पट्टी बाजूला लांबवून दुसऱ्या स्टडपर्यंत न्या. कपड्यांच्या कपाटाला नायलॉनचा पट्टा मिळतो तोही चालतो, पण प्लॅस्टिकच्या बकलाचा नको, उन्हाजवळ आणि काही वर्षांनी ते तडकतं.

बघायचं असं: कपाट रिकामं असताना, एकानं पुढं उभं राहून सावरायला हात धरायचा, दुसऱ्यानं माथ्याला धरून पुढं हळूहळू ओढायचं, झटका न देता, पंधरा-वीस किलोचा जोर येईपर्यंत. एल पट्टीकडं बघा. प्लाय आणि भिंत यांच्यामध्ये कागद सरकेल एवढी फट पडायला लागली तर स्टडमधला स्क्रू फिरलाय. फट प्लाय आणि कपाट यांच्यामध्ये पडली तर दोष कपाटाच्या बाजूच्या स्क्रूचा. जिकडं पडली तिकडचेच काढून नव्या जागी मारा. पुस्तकं भरल्यावर महिन्याभरानं एकदा स्क्रू ड्रायव्हरनं फक्त टेकवून बघा, घट्ट करायला जाऊ नका.